आपल्या जिल्ह्यातला नाईक आणि विसाव्या ब्रिगेडचा धडा

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला कासू हे नाव नवीन नाही. रस्त्याच्या कामाच्या बातम्या वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. पळस्पे ते कासू एक टप्पा, कासू ते इंदापूर दुसरा टप्पा. ८४ किलोमीटरच्या या पट्ट्यात कासू अगदी मध्यावर येतं. पेण आणि नागोठणे यांच्या मधलं हे भातशेतीचं गाव. आज इथे रेल्वे स्टेशन आहे, पण आपटा-रोहा लोहमार्ग सुरू झाला १९८६ साली. त्याआधी पिढ्यान् पिढ्या माणसं याच रस्त्याने बाहेर पडली. कुणी मुंबईच्या गिरणीत गेलं, कुणी गोदीत, तर कुणी पलटणीत.

या लेखात मला पलटणीत गेलेल्यांबद्दल बोलायचंय. त्याहीपेक्षा, आपण शिक्षक म्हणून त्यांच्याबद्दल वर्गात काय बोलतो आणि काय बोलत नाही, याबद्दल.

कासूवरून दक्षिणेला निघा. नागोठणे, कोलाड, इंदापूर मागे टाकलं की माणगाव येतं. याच माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा एक तरुण, नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश साम्राज्यातला शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान. जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. म्हणजे वय अवघं २२. आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या मुलांच्या वयाचा.

माणगावात त्याचा पुतळा आहे. रायगडकरांना नाव ऐकून माहीत असतं. पण आठवीच्या वर्गात विचारून बघा: तो कुठल्या सैन्यात होता? इटलीत काय करत होता? कुणाशी लढत होता, आणि कुणाच्या बाजूने? मुलं गप्प होतात. काही वेळा आपणही होतो. कारण उत्तर सोपं नाही.

पलटण, ब्रिगेड म्हणजे काय?

आधी थोडी तोंडओळख, कारण मुलांना इथूनच सांगावं लागतं.

पायदळातली सर्वांत लहान तुकडी म्हणजे सेक्शन. साधारण दहा जणांची. तिचा प्रमुख नाईक, दंडावर दोन फिती. तीन सेक्शनची एक प्लॅटून, तीन प्लॅटूनची एक कंपनी, चार कंपन्या मिळून बटालियन. आपण बोलताना जिला 'पलटण' म्हणतो ती ही बटालियन, सुमारे आठशे माणसांची. अशा तीन बटालियन एकत्र केल्या की होते ब्रिगेड. तीन ब्रिगेड आणि सोबतीला तोफखाना, इंजिनिअर, वैद्यकीय दल वगैरे मिळून डिव्हिजन.

मुलांना हे शाळेच्या भाषेत सांगितलं की पटकन कळतं. बाकावरचा गट म्हणजे सेक्शन, वर्ग म्हणजे प्लॅटून, मोठी शाळा म्हणजे बटालियन, आणि तीन वेगवेगळ्या शाळा एका सहलीला निघाल्या की ब्रिगेड. मात्र या तीन शाळांची भाषा वेगळी, जेवण वेगळं, देव वेगळे. वागणूकसुद्धा वेगळी मिळते. ते कसं, ते पुढे पाहू.

यशवंत घाडगे ५ व्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. लष्करी कागदांत ही बटालियन '३/५' अशी लिहितात. इटलीत ती होती विसाव्या हिंदी पायदळ ब्रिगेडमध्ये, आणि ही ब्रिगेड होती दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये. या ब्रिगेडच्या तीन बटालियन कोणत्या होत्या बघा:

एक, मँचेस्टर रेजिमेंटची आठवी बटालियन.
दोन, मराठा लाईट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन.
तीन, ३ ऱ्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन.

ही यादी फळ्यावर लिहा आणि थोडं थांबा. मँचेस्टर हे नाव मुलांना माहीत असतं. स्वदेशीच्या धड्यात मँचेस्टरचं कापड येतं. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा पडून प्राण देणारा बाबू गेनू येतो. तेच मँचेस्टर इथे दिसतं. फक्त इथे कापडाचे गठ्ठे नाहीत, इथे त्या शहरातली माणसं आहेत. आठवी मँचेस्टर ही त्या शहराच्या आर्डविक भागातली, हौशी सैनिकांची पलटण. इटलीत येण्याआधी तिने माल्टा बेटावरचा वेढा सोसला होता. त्यांच्या शेजारच्या खंदकात रायगडचा, रत्नागिरीचा, साताऱ्याचा शेतकरी. त्याच्या पलीकडे नेपाळच्या डोंगरातला गुरखा.

कापडाच्या धड्यात समोरासमोर असलेली दोन गावं युद्धाच्या धड्यात शेजारी उभी राहतात. इतिहास इतका गुंतागुंतीचा असतो, हे मुलांना समजवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

ही रचना सहज झालेली नव्हती

हिंदी ब्रिगेडमध्ये एक गोरी बटालियन आणि दोन हिंदी बटालियन, हा नेहमीचा साचा होता. त्याची मुळं १८५७ मध्ये आहेत. त्या उठावानंतर हिंदी सैनिकांवर पूर्ण विश्वास टाकायचा नाही, त्यांच्या जोडीला गोरी पलटण ठेवायची, असं धोरण पडलं. पुढे युद्धाच्या धामधुमीत हाच साचा कामाला आला, आणि रणांगणावर त्यातून खरी सोबतही निर्माण झाली. पण मूळ हेतू पहाऱ्याचा होता हे विसरून चालणार नाही.

वागणुकीचा फरकही होता. गोऱ्या शिपायाचा पगार हिंदी शिपायापेक्षा जास्त. पलटणीचे वरिष्ठ अधिकारी बहुतेक इंग्रज. हिंदी माणूस वर्षानुवर्षं नोकरी करून जमादार, सुभेदार व्हायचा, पण कालच आलेल्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यापेक्षा त्याचा दर्जा खालीच. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ पासून दिला जात होता, पण हिंदी सैनिक त्याला पात्र ठरले १९११ साली.

भरतीतही भेद होते. इंग्रजांनी काही जातींवर 'लढाऊ' असा शिक्का मारला आणि बाकीच्यांना दूर ठेवलं. मराठा पलटणींत कोकणी मराठे आणि दख्खनी मराठे अशी विभागणी असे. महार समाजाची लष्करी परंपरा जुनी, तरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांची भरती बंद झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही गेली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं हवी झाली, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज असेल तेव्हा बोलवायचं, गरज सरली की घरी पाठवायचं. हा हिशोबही मुलांना कळला पाहिजे.

केरेन ते टायबर

तिसऱ्या मराठा पलटणीचं युद्ध इटलीत सुरू झालं नाही. १९४१ मध्ये ती पूर्व आफ्रिकेत होती, तेव्हा नवव्या हिंदी ब्रिगेडमध्ये. एरिट्रियातल्या केरेन इथे इटालियन सैन्य उंच, उघड्या डोंगरांवर बसलं होतं. १५ मार्च १९४१ च्या संध्याकाळी मराठ्यांनी 'पिनॅकल' नावाचं शिखर चढून घेतलं. त्यामुळेच वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या सैनिकांना दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या पुढचा डोलोगोरोडॉक किल्ला घेता आला. २७ मार्चला केरेन पडलं. सह्याद्रीच्या कड्याकपाऱ्यांत वाढलेल्यांना तो चढ ओळखीचा वाटला असेल का? वर्गात हा प्रश्न विचारायला हरकत नाही, उत्तर मात्र अंदाजाचंच राहील.

केरेनला या पलटणीचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. हेच रीड पुढे मेजर जनरल झाले आणि इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे प्रमुख म्हणून आले. म्हणजे ज्या पलटणीला घेऊन ते केरेनचा डोंगर चढले, तीच पलटण १९४४ मध्ये पुन्हा त्यांच्या हाताखाली होती.

इटलीत तीन हिंदी डिव्हिजन लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी. ५० हजारांहून अधिक हिंदी सैनिक. त्यांपैकी ५,७८२ जण मृत्युमुखी पडले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी सैन्यातल्या सैनिकांना मिळाले. त्यांत मराठा लाईट इन्फन्ट्रीचे दोघं. एक आपला यशवंत घाडगे. दुसरे नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव. ते पहिल्या मराठा पलटणीत, आठव्या डिव्हिजनच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी गोळीबारातून जखमी साथीदारांना बाहेर काढलं आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. जाधव जिवंत परत आले. घाडगे आला नाही.

१० जुलैला काय झालं ते पदकाच्या अधिकृत नोंदीत आहे. घाडगेच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्याच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबत यायला कुणीही उरलेलं नाही हे माहीत असताना तो एकटा त्या मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला मारलं. गोळ्या संपल्या, नवीन भरायला वेळ नव्हता, म्हणून त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात तो मेला.

त्याची समाधी कुठे आहे ते माहीत नाही. इटलीत ज्यांची समाधी सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत यशवंत घाडगेचंही नाव आहे.

दोन सोपे धडे, आणि दोन्ही अपुरे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा प्रसंग वर्गात दोन पद्धतींनी सांगितला जातो.

पहिली पद्धत पुष्पहाराची. 'कोकणच्या मातीतला वाघ, शत्रूवर तुटून पडला, जिल्ह्याचं नाव जगात गाजवलं.' टाळ्या होतात, भाषण संपतं. यात युद्ध कुणाचं होतं, हे कुणी विचारत नाही.

दुसरी पद्धत हात झटकायची. 'हे इंग्रजांचे पगारी नोकर. देश स्वातंत्र्यासाठी लढत होता आणि हे साम्राज्यासाठी.' असं म्हणून पान उलटलं जातं. यात माणूस कोण होता, हे कुणी विचारत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या दोन्ही पद्धतींनी मुलांचं नुकसान होतं. पहिली त्यांना विचार करू देत नाही, दुसरी समजून घेऊ देत नाही.

दुसऱ्या पद्धतीतला प्रश्न मात्र टाळता येणार नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या लोकप्रतिनिधींना विचारलं नाही. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले, त्यात मुंबई प्रांताचं बाळासाहेब खेर यांचं सरकारही होतं. आणि युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला तेव्हा गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून कुणाला निवडलं? विनोबा भावे यांना. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला त्यांनी युद्धाला मदत न करण्याचं आवाहन करणारं भाषण केलं. हे विनोबा मूळचे कुठले? गागोद्याचे. गागोदे पेण तालुक्यात आहे, म्हणजे कासूच्याच तालुक्यात.

पुढे १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली. माथेरानचा विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल, भूमिगत झाले. त्यांनी आझाद दस्ता उभा केला, विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाले. त्यांच्यासोबत हिराजी पाटीलही.

चार वर्षांच्या आत, एकाच कुलाबा जिल्ह्यातून तीन माणसं. एक म्हणतो, या युद्धाला हात लावणार नाही. दुसरा इंग्रज सरकारविरुद्ध जंगलात लढतो. तिसरा त्याच सरकारच्या गणवेशात इटलीत लढतो, आणि ज्यांच्याशी लढतो ते हिटलरचे सैनिक असतात. पहिले दोघं आपल्या पाठांत आहेत, तिसऱ्याचा पुतळा आहे. पण तिघांना एकाच तासाला, एकाच नकाशावर आपण आणत नाही. आणलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

ते का गेले?

'पगारी नोकर' म्हणण्याआधी पगार का लागत होता ते बघू.

त्या काळातल्या कुलाबा-रत्नागिरीत खोतीची पद्धत होती. कसणारा एक, पिकाचा मोठा वाटा नेणारा दुसरा. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. सहा वर्षं जमीन पडीक ठेवली, कोळसा आणि लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण शेतात नांगर घातला नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. चरीचा संप संपला त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. अशा घरातल्या मुलाला पलटण म्हणजे दरमहा ठरलेला पगार, पोटभर जेवण, घरी मनिऑर्डर आणि पुढे पेन्शन. शिवाय गावात मान. ज्याच्या बापाने खोतापुढे मान खाली घातली, तो दोन फिती लावून गावात ताठ चालायचा.

प्रत्येक जण यासाठीच गेला, असा दावा करता येणार नाही. कुणी घराण्याची परंपरा म्हणून गेला, कुणी जग बघायला, कुणी मित्र गेला म्हणून. युद्धाच्या सुरुवातीला सुमारे दोन लाखांचं हिंदी सैन्य शेवटी पंचवीस लाखांवर गेलं, आणि तेही सक्तीची भरती नसताना. त्यात सुमारे ८७ हजार माणसं मेली. इतक्या माणसांचं कारण एकच असू शकत नाही. पण 'सक्ती नव्हती' आणि 'मोकळी निवड होती' या दोन वाक्यांत फरक आहे, तो मुलांना कळायला हवा. घरात दाणा नसताना घेतलेला निर्णय किती मोकळा असतो?

दुसरी बाजूही आहे. नाझी जर्मनीचा पराभव ही जगाच्या भल्याची गोष्ट होती. हा पराभव करणाऱ्यांत आपली माणसं होती. ती पारतंत्र्यात असून दुसऱ्याचा देश मोकळा करायला गेली. यात विसंगती आहे, आणि अभिमान वाटण्यासारखंही काहीतरी आहे. दोन्ही एकत्र सांगता येतं. मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा समजूतदार असतात.

आणि ज्यांना वाटतं की ही पलटण इंग्रजांची होती, आपली नव्हे, त्यांनी तिचं पुढचं आयुष्य पाहावं. तिसरी मराठा पलटण छत्रीधारी झाली आणि स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा, म्हणून ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश मुक्तियुद्धात टांगाईलला जी पलटण विमानांतून उतरली, ती हीच. तीच परंपरा, तेच बाणेदारपण, झेंडा बदललेला. सैनिक कुणासाठी लढणार हे सत्ता ठरवते. म्हणून सत्ता आपली असणं किती महत्त्वाचं, हा स्वातंत्र्याच्या धड्याचा खरा अर्थ इथे दिसतो.

वीर सांगा, पण ब्रिगेडही सांगा

मी वारंवार ब्रिगेडबद्दल का बोलतोय? कारण एका वीराची गोष्ट सांगताना बाकीचे दिसेनासे होतात. त्या दिवशी सेक्शनमधले इतर सगळे पडले होते. त्यांची नावं आपण कधी उच्चारतो का? त्यांच्या घरी तार आली असेल, पदक आलं नसेल.

पहिल्या महायुद्धानंतर देशभरातल्या अनेक गावांत सरकारने दगडी पाट्या बसवल्या. मजकूर साधारण एकच: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे, नावं नाहीत. कोकणातही अशा पाट्या आहेत. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या आवारात. काहींवर चुन्याचे थर बसलेत. त्या पहिल्या युद्धात मेसोपोटेमियात पुणे डिव्हिजनच्या ब्रिगेडमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा इथे महिनोन् महिने वेढ्यात अडकून उपासमार सोसल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी ते सैन्य शरण गेलं. कैदेत कितीतरी मेले. त्यातली ११० वी मराठा १९२२ च्या फेररचनेत ५ व्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणजे यशवंत घाडगेची पलटण. कूतला हरलेली आणि केरेनला जिंकलेली पलटण एकच होती.

मुलांना विजयाइतकाच हा पराभवही सांगावा, असं मला वाटतं.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रांनो, यासाठी वेगळा निधी लागत नाही. चार तासिका पुरतात.

१. नकाशा : जगाच्या नकाशावर माणगाव, केरेन, कूत, माल्टा, मँचेस्टर आणि टायबर नदी शोधायला लावा. दोऱ्याने जोडा. भूगोलाच्या शिक्षकांना सोबत घ्या.

२. शोध : गावात दगडी पाटी आहे का, ते मुलांना बघायला सांगा. असेल तर स्वच्छ पाण्याने पुसून मजकूर उतरवून घ्या. खरवडू नका, रंग लावू नका. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत. तिथे अनेक सैनिकांच्या नावापुढे वडिलांचं नाव, गाव आणि 'कुलाबा' असा जिल्हा सापडतो. स्पेलिंग त्या काळच्या इंग्रज कारकुनाचं असतं, त्यामुळे गावाचं नाव ओळखणं हाच एक खेळ होतो.

३. ऐकणं : घरात जुनं पदक, पेन्शनचं पुस्तक, फोटो असेल तर आजी-आजोबांकडून त्याची हकिगत ऐकून लिहा. आजीला आवर्जून विचारा. पुरुष युद्धावर गेला तेव्हा शेत कुणी लावलं, मनिऑर्डर कुणी सोडवून घेतली, पत्र कुणाकडून वाचून घेतलं, हे तिलाच माहीत असतं. एखाद्या घराला बोलायचं नसेल तर आग्रह करू नका.

४. चर्चा : वर्गाचे तीन गट करा. एकाने विनोबांची बाजू मांडायची, दुसऱ्याने भाई कोतवालांची, तिसऱ्याने यशवंत घाडगेची. मग गट बदला आणि विरुद्ध बाजू मांडायला लावा. कोण जिंकलं ते जाहीर करू नका.

या चौथ्या तासिकेला एखादा विद्यार्थी विचारेल, 'सर, त्या मशीनगनवरच्या माणसांना पण आई असेल ना?' या प्रश्नाला 'ते शत्रू होते' असं म्हणून गप्प करू नका. पदकाच्या नोंदीत बंदुकीच्या दस्त्याने मारल्याचं स्पष्ट लिहिलंय. ते वाचून मुलाच्या अंगावर काटा आला तर तो यायलाच हवा. शौर्य आणि भीषणता एकाच वाक्यात असू शकतात, हे त्याला त्या दिवशी कळेल.

इटलीतली सावली

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या पेरुजा प्रांतातल्या माँटोने गावात यशवंत घाडगेच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. ते आहे एक सूर्यघड्याळ. त्यावरच्या बोधवाक्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या देशाच्या सैन्याशी तिसरी मराठा पलटण केरेनला लढली, त्याच देशातल्या एका लहान गावाने पळसगावच्या मुलाची ७९ वर्षांनी आठवण ठेवली. त्यासाठी त्यांनी रणगाडा, तोफ किंवा बंदूक निवडली नाही.

आपल्याकडे पुतळा आहे, त्याला हारही घातला जातो, ते चांगलंच आहे. पण पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाहीत, शिक्षकाला विचारता येतात. म्हणून हे काम आपलं. कासूचा मुलगा असो की रोह्याची मुलगी, एकाच महामार्गावर एका टोकाला गागोद्याचे विनोबा आणि दुसऱ्या टोकाला पळसगावचा यशवंत आहे, आणि दोघंही आपलेच आहेत, एवढं तिला-त्याला दहावीच्या आधी कळावं. कोण बरोबर हे तिने मोठी झाल्यावर ठरवावं. आपण फक्त दोघांची ओळख करून द्यायची, आणि त्या सेक्शनमधल्या, जागा उरली नाही म्हणून कुठल्याच पाठात न आलेल्या बाकीच्यांचीही.